रामबागेतल्या जुन्या घराची छपाई : आधी पाणी, मग चुना

ताई, तुमचा प्रश्न वाचला आणि सोबतचे सगळे फोटो मोठे करून पाहिले. इतरांनाही कळावं म्हणून प्रश्न थोडक्यात मांडतो. इंदूरच्या रामबागेत तुमच्या आजेसासऱ्यांनी १९२५ च्या आसपास बांधलेलं दुमजली घर आहे. समोरच्या भिंतीला बारा-तेरा वर्षांपूर्वी सिमेंटची छपाई, म्हणजे प्लास्टर, करून वर प्लास्टिक रंग दिला होता. आता ती छपाई फुगते आहे, पोपडे पडताहेत, खालच्या बाजूला पांढरा खार फुटलाय. ठेकेदार म्हणतो सगळं खरवडून पुन्हा सिमेंटच करू, त्यात वॉटरप्रूफचं रसायन घालू, वर टेक्सचर रंग देऊ, दिवाळीच्या आत काम संपवू. सासूबाई म्हणतात, पूर्वी होता तसा चुनाच करा. कोणाचं ऐकावं, असं तुम्ही विचारता.

सासूबाईंचं ऐका. फक्त त्यांनाही सांगा की हे दिवाळीच्या आत होणार नाही, आणि चुन्याची थापी भिंतीला लागण्याआधी बरीच कामं करायची आहेत. ती टाळून नुसता चुना लावला तर तोही दोन पावसाळ्यांत खाली येईल, आणि मग लोक म्हणतील चुन्यात काही राम नाही.

तुमच्या फोटोंत मला एक नाही, दोन वेगवेगळी दुखणी दिसतात. एक खालचं. जमिनीपासून तीन-साडेतीन फुटांवर भिंतभर एक नागमोडी रेघ आहे. रेघेखाली ओल, रेघेवर खार आणि फुगवटा. ही जमिनीतून चढणारी ओल. विटेच्या बारीक छिद्रांतून पाणी वर चढतं, समईच्या वातीत तेल चढतं तसं. दुसरं दुखणं वरचं. पहिल्या मजल्याच्या डाव्या खिडकीच्या वर जो मोठा पोपडा सुटलाय, तिथे खार जवळजवळ नाही, पण काळपट शेवाळाचे ओघळ आहेत. ते पाणी वरून येतंय. तुमचा पत्र्याचा पन्हाळ नेमका तिथे वाकलेला दिसतो. या दोन जागांवर एकच औषध चालणार नाही.

आता सिमेंटने काय केलं ते सांगतो, कारण ठेकेदार तुम्हाला म्हणेल की मागच्या वेळचं सिमेंट हलकं होतं म्हणून उखडलं. तसं नाही. जुन्या भिंतीत थोडी ओल कायम असते आणि ती बाहेरच्या पृष्ठभागावरून वाळून जात असते. चुन्याच्या छपाईतून वाफ सहज बाहेर पडते. सिमेंट आणि त्यावरचा प्लास्टिक रंग ती वाट बरीचशी अडवतात. पाणी आत तुंबतं आणि वाट मिळेल तिथून, म्हणजे आणखी वर किंवा घराच्या आतल्या बाजूने, बाहेर पडू पाहतं. पाण्यात विरघळलेले क्षार छपाईच्या पाठीमागे साठतात, पाणी वाळलं की त्यांचे स्फटिक होतात, आणि स्फटिक होताना ते फुगतात. ती ताकद मऊ विटेची साल सोलून काढते. तुमच्या सहाव्या फोटोत जमिनीवर पडलेला तुकडा उलटा आहे, त्याच्या पाठीला लाल थर दिसतोय ना? ती तुमच्या घराची वीट आहे. छपाई एकटी पडलेली नाही, भिंत घेऊन पडली आहे.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. धंद्यात नवा होतो तेव्हा, १९९३ साली, माझ्याच मामांच्या घराला मी एकास तीनची (एक सिमेंट, तीन वाळू) कडक सिमेंट छपाई करून दिली. भिंत गाऱ्यातली, म्हणजे विटा मातीच्या चिखलात बसवलेली. मला वाटलं, कमजोर भिंतीला चिलखत घालतोय. तिसऱ्या पावसाळ्यात रस्त्याच्या बाजूची चार बाय सहा फुटांची छपाईची अख्खी लादी सुटून ओटल्यावर पडली. पहाटेची वेळ होती म्हणून खाली कोणी नव्हतं. त्या ओटल्यावर मामी रोज भाजी निवडायला बसायची. तिथून मी चुन्याकडे वळलो आणि जेल रोडजवळ राहणाऱ्या एका वयस्क मिस्त्रींच्या हाताखाली दोन हिवाळे काम केलं. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलेला नियम आजही माझा पहिला नियम आहे: छपाई भिंतीपेक्षा नेहमी कच्ची असावी. झिजायचं, फुटायचं असेल तर छपाईने, विटेने नाही. छपाई पुन्हा करता येते. शंभर वर्षांपूर्वीची वीट पुन्हा मिळत नाही.

तुमची भिंत खरंच चुन्याची की मातीची, हे आधी तपासा. १९२५ चं घर म्हणजे सिमेंटचं बांधकाम असण्याची शक्यता कमी. आपल्या देशात सिमेंटचं उत्पादन नीट सुरू झालं तेच १९१४ मध्ये पोरबंदरला, आणि घराघरांच्या भिंतींत ते यायला पुढे बरीच वर्षं गेली. जिथे छपाई पडली आहे तिथे दोन विटांच्या मधला मसाला किल्लीच्या टोकाने खरवडा. पांढरट भुकटी निघाली आणि त्यात बारीक लाल कण दिसले तर चुना-सुर्खी (सुर्खी म्हणजे कुटलेल्या विटेची भुकटी). तपकिरी माती निघाली, ओली केल्यावर बोटात चिकटली, तर गारा. राखाडी, किल्लीला दाद न देणारा असेल तर ते नंतर कोणीतरी भरलेलं सिमेंट. काहीजण लिंबू पिळून फेस येतो का ते पाहायला सांगतात. त्याने फारसं कळत नाही, जुनं सिमेंटही लिंबाने थोडं फसफसतं. किल्लीवर विश्वास ठेवा.

मग पाण्याच्या वाटा. या भागावर मी थोडा जास्त वेळ घेतो, कारण निम्मं यश इथे आहे.

खालची ओल कुठून आली? फोटोत तुमच्या ओटल्याची एकच पायरी दिसते. सासूबाईंना विचारा, लग्न होऊन त्या आल्या तेव्हा किती पायऱ्या होत्या. जुन्या इंदुरात हे सगळीकडे झालंय: रस्त्यावर थरावर थर चढत गेले आणि घरांची जोती जमिनीत गेली. पूर्वी जोत्याच्या काळ्या दगडावर ओल अडायची, कारण आपल्या माळव्याचा हा दगड घट्ट, पाणी फारसं वर ओढत नाही. आता रस्ता दगडाच्या वर आलाय आणि चिखलपाणी थेट विटेला भिडतंय. त्यात भिंतीला लागून दोन फुटांची काँक्रीटची पट्टी ओतली आहे. तिच्याखालच्या जमिनीतलं पाणी वर उडून जाऊ शकत नाही म्हणून ते भिंतीतून चढतं. ती पट्टी तोडा. तिच्या जागी एक फूट रुंद आणि शक्य तितका खोल, जोत्याच्या दगडापर्यंत पोचणारा चर खणून त्यात गिट्टी भरा, तळाला घराकडून नालीकडे उतार द्या. पायाच्या खाली मात्र खणू नका. दगडाच्या तळाच्या वर किमान सहा इंच थांबा, आणि एका वेळी पाच-सहा फूटच उघडा. संपूर्ण लांबी एका दिवसात उघडायची नाही.

वरचं दुखणं सोपं आहे. पन्हाळ सरळ करा, उताराची नळी भिंतीपासून चार बोटं दूर ठेवा, आणि छज्जाच्या खालच्या कडेला पाणी थांबवणारी खाच, म्हणजे ठिबकपट्टी आहे का बघा. नसेल तर छपाईच्या वेळी करून घ्या. ही बोटभर खाच नसली की छज्जावरचं पाणी पोटाखालून सरकत भिंतीवर येतं. उजव्या कोपऱ्यात पिंपळाचं रोप दिसतंय. ते नुसतं उपटू नका, मूळ आत राहतं आणि दुप्पट जोमाने येतं. आजूबाजूच्या दोन-तीन विटा काळजीने काढून मूळ काढा आणि चुन्यात विटा परत बसवा. वरच्या न्हाणीघराचा पाइप याच भिंतीतून जात असेल तर त्याचीही चाचणी आत्ताच करा. छपाई झाल्यावर गळती सापडली तर फार वाईट वाटतं.

भेगांबद्दल. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी गेलेली एक भेग दिसते. आपल्याकडची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, त्याबरोबर घर थोडं हलतं. ही भेग वर्षानुवर्षं उघडमीट करणारी असेल तर कोणतीही छपाई तिला झाकू शकणार नाही. भेगेवर आडवी काचेची पातळ पट्टी दोन्ही टोकांना प्लास्टर ऑफ पॅरिसने चिकटवा, शेजारी पेन्सिलने तारीख लिहा. काच फुटली तर हालचाल चालू आहे. खरं चित्र कळायला एक उन्हाळा आणि एक पावसाळा जायला हवा. भेग दोन मिलिमीटरपेक्षा बारीक असेल तर वाट पाहू नका, चुना तेवढं सहन करतो. करंगळी जाईल इतकी असेल तर आधी बांधकाम अभियंत्याला घर दाखवा, छपाईचा विचार नंतर.

आता खरवडणं. ठेकेदार मशीन लावायला म्हणेल, लावू देऊ नका. हातोडी आणि पातळ छन्नी, तीही भिंतीला जवळजवळ समांतर धरून. आधी सगळ्या भिंतीवर बोटांची पेरं आपटत फिरा. बोदा आवाज येईल तिथे खडूने खूण करा. सिमेंट जिथे बोदं आहे तिथे ते आपोआप सुटतं. जिथे घट्ट चिकटलंय तिथे प्रत्येक ठोक्याला विटेकडे बघा. विटेची साल निघायला लागली तर थांबा, तो तुकडा या वर्षी राहू द्या. वरच्या मजल्यावर महिरपीच्या बाजूला मूळची चुन्याची छपाई अजून दिसते. गुळगुळीत, किंचित पिवळसर, ठोकल्यावर भरीव वाजत असेल. तिला हात लावू नका. शंभर वर्षं टिकलेली वस्तू काढून नवीन लावण्यात शहाणपण नाही. स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांनी १९१८ साली इंदूर दरबाराला नगररचनेचा जो अहवाल दिला, त्यातला विचारही हाच होता: जुन्या वस्त्या सरसकट पाडू नयेत, जेवढं बाधक आहे तेवढंच नेमकं काढावं. शहराला लागू पडणारं भिंतीलाही पडतं.

महिरपीखालचे तोडे, खिडक्यांवरची वेलबुट्टी, कंगोरे, यांचे खरवडण्याआधी फोटो काढा, मोजमापं घ्या आणि जिथे आकार शाबूत आहे तिथे पुठ्ठा कापून छेद उतरवून घ्या. त्यावरून पत्र्याचा फर्मा करून नवा कंगोरा ओढता येतो. एकदा आकार गेला की मिस्त्री आपल्या मनाने काहीतरी करतो आणि घराचा चेहरा बदलतो.

भिंत उघडी झाली की खार कोरड्या ब्रशने झाडा. पाण्याने धुवू नका, धुतलं की क्षार पुन्हा आत जातात. झाडलेली भुकटी गोळा करून बाहेर टाका, भिंतीच्या पायथ्याशी ठेवू नका. दर आठवड्याला बघा, नवा खार आला की पुन्हा झाडा. अशा तीन-चार फेऱ्या लागतात. ओल्या भिंतीला वाळायला ढोबळमानाने इंचाला महिना धरतात. तुमची भिंत चौदा इंची असावी, आणि वाळते दोन्ही बाजूंनी. चुन्याला भिंत पूर्ण कोरडी लागत नाही, पण तीन-चार महिने तिला उघड्यावर मिळायलाच हवेत. खालच्या तीन फुटांत खार फारच असेल तर तिथे चुना-वाळूचा एक सैल, जाडाभरडा थर तात्पुरता लावा आणि एक मोसम राहू द्या. क्षार त्या थरात येऊन बसतात. मग तो काढून फेकायचा आणि खरी छपाई करायची. खर्च वाढतो, पण जुन्या खारट भिंतीला याहून चांगला उपाय मी पाहिलेला नाही.

चुना कोणता? कळीचा चुना, म्हणजे भट्टीतून निघालेले न विझलेले खडे, आणून घरी पाण्यात विझवलेला सगळ्यात चांगला. कटनीचा किंवा राजस्थानातल्या गोटनचा मिळतो. दगड हलके आणि ताजे असावेत. भुगा झालेला माल म्हणजे हवेतल्या ओलाव्याने आधीच निम्मा मेलेला. विझवताना आधी पाणी, मग त्यात चुना, थोडा थोडा. उलट करू नका. पाणी उकळतं, थेंब उडतात. लोखंडी पिंप वापरा, प्लास्टिकचं नको. डोळ्यांवर गॉगल, हातमोजे, आणि मुलांना त्या दिवशी अंगणात सोडायचं नाही. डोळ्यात उडालाच तर भरपूर साध्या पाण्याने किमान पंधरा मिनिटं धुवा आणि तसंच डॉक्टरकडे जा. मी एका तरुण कामगाराचा डोळा जेमतेम वाचलेला पाहिलाय, म्हणून इतकं सांगतोय.

विझलेला चुना बारीक जाळीतून गाळा. न विझलेला एक कण राहिला तर तो महिन्यांनंतर छपाईत विझतो आणि तिथे पुटकुळी येऊन खपली उडते. गाळलेला चुना पाण्याखाली झाकून ठेवा. पंधरा दिवस ही कमीत कमी मुदत, दोन-तीन महिने मिळाले तर तो लोण्यासारखा होतो. हे आत्ताच करून ठेवलंत तर भिंत वाळते तोवर चुनाही मुरतो, वेगळा वेळ लागत नाही. पिशवीतली चुना पावडर चालेल का? ताजी असेल आणि एक दिवस भिजवून वापरली तर अडचणीत चालते. पण जुन्या पिशव्या बऱ्याचदा दुकानातच निकामी होऊन बसलेल्या असतात.

वाळू नर्मदेची, धुतलेली, बारीक-जाड मिसळलेली, कण टोकदार. काचेच्या बाटलीत निम्मी वाळू आणि वर पाणी घालून, चिमूटभर मीठ टाकून हलवा आणि तीन तास ठेवा. वर बसलेला मातीचा थर वाळूच्या उंचीच्या बाराव्या हिश्शापेक्षा जाड असेल तर वाळू परत धुवा. दुसरी परीक्षा: कोरड्या वाळूने भरलेल्या लिटरच्या मापात पृष्ठभागापर्यंत किती पाणी मावतं ते मोजा. साधारण तिसरा हिस्सा मावतं. तेवढी पोकळी चुन्याने भरायची असते, म्हणून प्रमाण एकास तीन. पाणी जास्त मावलं तर चुना थोडा वाढवा. आकडा पाठ करण्यापेक्षा हे बघणं खरं.

खालच्या तीन फुटांसाठी आणि छज्जाच्या वरच्या अंगाला सुर्खी घाला: एक चुना, एक सुर्खी, दोन वाळू. सुर्खी मंद भाजलेल्या, नखाने ओरखडा उठेल अशा विटेची. भट्टीत जळून काळी-जांभळी झालेली वीट कुटून उपयोग नाही, ती चुन्याशी काही जोडून घेत नाही. चांगल्या सुर्खीने चुना ओल्या जागेतही घट्ट होतो.

आणि गूळ, मेथी, उडीद, बेलफळ? इंदूरच्या होळकरांच्या राजवाड्याच्या अलीकडच्या जीर्णोद्धारात हा मसाला वापरल्याची चर्चा शहरभर झाली, तेव्हापासून प्रत्येकजण विचारतो. या गोष्टी खोट्या नाहीत. गुळाच्या पाण्याने मसाला मऊसर होतो आणि सावकाश वाळतो, मेथी-उडदाने तो धरून राहतो. पण प्रमाण जास्त झालं तर छपाई कच्ची राहते, आणि मातकट वाळू, कोवळा चुना, अपुरं पाणी यांची भरपाई कोणताही गूळ करत नाही. तुमच्या साध्या भिंतीला मी थोडं गुळाचं पाणी शेवटच्या थरात घालेन, बाकी काही नाही. तागाचे बोटभर कापलेले तंतू मात्र पहिल्या थरात जरूर घाला, भेगा कमी येतात.

काम कधी? इंदुरात मे महिन्याच्या उन्हात चुना लावणं म्हणजे तो भाजणं, आणि पावसात प्रश्नच नाही. दसऱ्यानंतर होळीच्या आधी. तुमच्या बाबतीत खरवडणं दसऱ्याला, चर आणि पन्हाळ दिवाळीपर्यंत, मग भिंत वाळत ठेवायची, आणि छपाई जानेवारीच्या शेवटापासून फेब्रुवारीत. म्हणजे पावसाळ्याआधी चुन्याला तीन-चार महिने मिळतात. चुना वाळून घट्ट होत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन तो पुन्हा चुनखडी होतो, तेही बाहेरून आत, अगदी सावकाश, आणि त्यासाठी त्याला थोडा ओलावा लागतो. म्हणून घाई करून तो कोरडा पडला की तो भुकटीच राहतो.

छपाईच्या आदल्या संध्याकाळी आणि त्या सकाळी भिंत भिजवा. वीट ओली दिसावी पण चमकू नये. सांधे अर्धा-पाऊण इंच खोल खरवडलेले असावेत. मसाला थापीने फेकून मारायचा, चोपडायचा नाही. फेकला की तो सांध्यात शिरतो. पहिला थर बारा मिलिमीटरपेक्षा जाड नको. खड्डा खोल असेल तर विटेचे तुकडे चुन्यात बसवून तो आधी भरा. दुसऱ्या दिवशी बारीक भेगा दिसतील, घाबरू नका, लाकडी रंध्याने दाबून मिटवा, तिसऱ्या दिवशी पुन्हा. मग रेघा मारून खडबडीत ठेवा. आठ-दहा दिवसांनी दुसरा थर, तो आठ मिलिमीटरच्या आसपास. त्यानंतर हवा असेल तर तीन मिलिमीटरचा बारीक थर. बाहेरच्या भिंतीवर लोखंडी गुरमाळ्याने (सपाट थापीने) घासून चकाकी आणू देऊ नका, वरची साय घट्ट होते आणि आतला चुना हवेला मुकतो.

प्रत्येक थरावर ओलं बारदान टांगा, भिंतीला चिकटवून नाही, पाडाच्या, म्हणजे कामासाठी बांधलेल्या मचाणाच्या, बांबूवर. दिवसातून तीन-चार वेळा बारीक फवारा, किमान आठवडाभर. सुर्खीच्या पट्ट्याला दोन आठवडे. तुमची भिंत पश्चिमेची आहे, दुपारचं ऊन थेट येतं, म्हणून बारदान चुकवू नका. चुन्याचं जे काम फसलेलं मला दाखवतात त्यातलं बहुतेक इथे फसलेलं असतं: मिस्त्री घरी गेला आणि भिंत उन्हात एकटी राहिली. हे काम घरच्यांनी आपल्याकडे घ्यावं.

भिंतीत सागवानी खांब आहेत. लाकूड आणि वीट एकाच वेगाने हलत नाहीत, म्हणून खांबावरून सलग छपाई नेऊ नका. खांब उघडा ठेवा आणि छपाईच्या कडेला थापीने एक सरळ चीर मारून ती वेगळी करा. खांबाचा खालचा हात-दीडहात भाग छन्नीने टोचून बघा, वाळवी किंवा कुज असेल तर छपाईआधी सुतार बोलवा.

रंग म्हणून चुन्याचीच सफेदी, दुधापेक्षा पातळ, ओल्या भिंतीवर, चार-पाच हात. पिवळसर हवी तर पेवडी, लालसर हवी तर गेरू, शेवटच्या हातांत. आधीच्या प्लास्टिक रंगाची किंवा टेक्सचरची एक साल जरी वर चढवली तरी इतका वेळ केलेलं सगळं फुकट जातं. सफेदी चार-पाच वर्षांनी पुन्हा करावी लागेल, हे आधीच मान्य करा.

सिमेंटशी माझं वैर नाही. मागच्या बाजूला संडासाची खोली आणि तिच्यावरचा काँक्रीटचा छज्जा नंतरचा आहे, सिमेंटमध्येच बांधलेला. तिथे सिमेंटची छपाईच योग्य, फक्त त्यातही थोडा चुना मिसळा: एक सिमेंट, एक चुना, सहा वाळू. जुनी वीट आणि ते काँक्रीट जिथे भेटतात तिथे जस्ताची जाळी न ताणता सरळ सांधा ठेवा.

हिशेब. समोरची भिंत तीस फूट रुंद आणि चोवीस फूट उंच धरली, दारं-खिडक्या वजा केल्या, तर साधारण सहाशे चौरस फूट राहतात. वीस मिलिमीटर जाडीला सव्वा घनमीटरच्या आत मसाला, सांधे आणि खड्डे धरून दीड घनमीटर. वाळू चुना पोटात घेते, म्हणून वाळूही जवळजवळ दीड घनमीटरच लागते, आणि मुरलेला चुना अर्धा घनमीटर. त्यासाठी कळीचा चुना अडीचशे किलोच्या आसपास, तीनशे आणून ठेवा. मूळची छपाई जितकी वाचेल तितकं हे कमी होईल.

ठेकेदाराशी चौरस फुटाच्या भावाने ठरवू नका. त्या भावात माणूस पटापट उरकतो, आणि चुन्याला ते चालत नाही. रोजंदारी किंवा थरानुसार पैसे द्या, आणि आधी मागच्या भिंतीवर तीन बाय तीन फुटांचा नमुना करून घ्या. पंधरा दिवसांनी त्याला पेरांनी ठोका, नखाने कोपरा खरवडा. भरीव वाजला आणि भुकटी सुटली नाही तरच त्या मिस्त्रीला समोरची भिंत द्या. तुमचा ठेकेदार याला तयार होत असेल तर त्याच्याकडूनच करून घ्या, माणूस बदलायची गरज नाही.

सासूबाईंना माझा नमस्कार सांगा आणि पायऱ्यांबरोबर आणखी एक गोष्ट विचारा: घरात गाय-म्हैस होती का, आणि गोठा कोणत्या बाजूला होता? गोठ्याच्या भिंतीत जनावरांच्या मुतामुळे नायट्रेटचे क्षार पन्नास-साठ वर्षांनीही राहतात आणि ते हवेतलं पाणी ओढतात. फोटोत उजव्या टोकाला खार डावीपेक्षा बराच दाट दिसतोय. गोठा तिथेच निघाला तर त्या दहा फुटांत तात्पुरत्या छपाईचा थर एकदा नाही, दोनदा लावावा लागेल, आणि समोरच्या कामाचा तेवढा भाग पुढच्या हिवाळ्यावर जाईल.